कळसूबाईच्या वाटेवर सतरा जणी



या कार्यक्रमात आपण बहुतेक वेळा कर्ज, बचत, शेळ्यांची लस, नाहीतर परसबाग याविषयी ऐकतो. आज आम्ही वेगळं सांगणार आहोत. आम्ही सतरा जणी एक दिवस डोंगर चढायला गेलो होतो. सगळ्यात लहान बावीस वर्षांची, सगळ्यात मोठी त्रेसष्ट वर्षांची. नवस नव्हता, लग्न नव्हतं, कुणाला दवाखान्यात न्यायचं नव्हतं. फक्त चालायला आणि बघायला गेलो होतो. आमच्या गावात असं पहिल्यांदाच झालं, म्हणून ते कसं जमवलं आणि त्यातून काय हाती आलं ते सांगतो.

डोंगर निवडला कळसूबाईचा. महाराष्ट्रातलं हे सगळ्यात उंच शिखर, 1646 मीटर, म्हणजे 5400 फूट. अकोले तालुक्यात, नाशिक जिल्ह्याच्या हद्दीला लागून. पायथ्याला बारी गाव. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. 1986 साली ते जाहीर झालं. आमच्यातल्या एकीनं विचारलं, अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यात फरक काय? आपल्या सह्याद्रीत चांदोली हे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथं गुरं चारायला बंदी असते. अभयारण्यात नियम पाळून गावाची काही वहिवाट चालू राहू शकते. म्हणून कळसूबाईच्या पायथ्याला गाव, शेतं, गुरं आणि जंगल शेजारी शेजारी दिसतात.

हाच डोंगर का, त्याचंही एक कारण आहे. आमच्या गटातल्या एकीचं माहेर अकोले तालुक्यातलं. तिनं बैठकीत कळसूबाईची गोष्ट सांगितली. कळसू नावाची एक कोळ्याची पोर होती. ती पाटलाच्या घरी कामाला राहिली. राहतानाच तिनं अट घातली, की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, बाकी सांगाल ते करीन. काही दिवस बरे गेले. एकदा घरात पाहुणे फार आले आणि ती दोन्ही कामं तिला करायला लावली. कळसू डोंगरावर निघून गेली आणि तिथंच राहिली. डोंगरावर एका जागेला थाळेमेळ म्हणतात. तिथं तिनं भांडी घासली, असं लोक सांगतात. गोष्ट संपली तशी आमची एक वहिनी म्हणाली, “अगं, भांडी आणि केर नको म्हणणारी बाई देवी झाली होय! मग तिला भेटायलाच पाहिजे.” सगळ्या हसलो, पण त्याच बैठकीत जायचं पक्कं झालं.

पहिला प्रश्न पैशांचा. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, हे आधीच ठरवलं. ती बचत कर्जासाठी, अडीनडीसाठी. म्हणून वेगळी वही केली. दर आठवड्याच्या बैठकीला बचतीशिवाय प्रत्येकीनं पंधरा रुपये द्यायचे. बावन्न आठवड्यांत एकीचे 780 रुपये झाले आणि सतरा जणींचे 13,260. खर्च असा झाला: दोन क्रूझर गाड्यांचे 9000, बारीत एका घरी जेवणाचे 2550, वाट दाखवणाऱ्या ताईंना 800, चहा-सरबताला 510, पार्किंग आणि किरकोळ 400. हिशोब बैठकीत वाचून दाखवला आणि वही बंद केली. पंधरा रुपये कुणाला जड गेले नाहीत. एकदम आठशे रुपये मागितले असते तर निम्म्या जणी गळाल्या असत्या.

दुसरा प्रश्न पैशांपेक्षा अवघड होता. घरी सांगायचं काय? शिर्डीला जाते, वणीच्या गडावर जाते म्हटलं की कुणी अडवत नाही. ‘फिरायला जाते’ म्हटलं की प्रश्न सुरू होतात. कशाला? कुणाबरोबर? घरचं कोण करणार? काही जणी म्हणाल्या, वर देवीचं देऊळ आहेच, दर्शनाला जातोय असं सांगू. यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी आमच्या अक्का म्हणाल्या, “दर्शन तर घेऊच. पण देवीच्या आडून जायचं असेल, तर पुढच्या वेळी लेकींनाही देवीच शोधावी लागेल.” मग सगळ्यांनी घरी खरंच सांगितलं. ‘डोंगर चढायला जाते, एक दिवस, रात्री परत येते.’

काही घरी लगेच हो म्हणाले. काही घरी आठ दिवस अबोला झाला. एका घरी सासू आणि सून दोघीही आमच्या गटात. दोघी गेल्या तर धार कोण काढणार? गाय हात ओळखते. अनोळखी हात लागला तर पान्हा सोडत नाही, लाथ मारते ती वेगळीच. मग सुनेनं नवऱ्याला पंधरा दिवस आधीपासून रोज संध्याकाळी शेजारी बसवलं. पहिल्या आठवड्यात निम्मी धार तिनं काढायची, निम्मी त्यानं. दुसऱ्या आठवड्यात ती नुसती उभी राहायची. आम्ही गेलो त्या दिवशी डेअरीत दूध वेळेवर पोचलं. दोन लिटर कमी भरलं, पण पोचलं. हे आम्ही मुद्दाम सांगतो. घरच्यांना काम येत नाही असं नसतं, शिकायची वेळच आलेली नसते.

तिसरी तयारी पायांची. आम्हाला वाटलं होतं, आपण दिवसभर रानात राबतो, आपल्याला काय होतंय. पण सपाटीवर राबणं वेगळं आणि तीन-चार तास सलग चढणं वेगळं. चढणीला मांड्या आणि छाती लागते, उतरणीला गुडघे लागतात. म्हणून दोन महिने आठवड्यातून तीनदा पहाटे कालव्याच्या भरावावरून चाललो. आधी अर्धा तास, मग तास, मग दीड तास. शेवटी शेवटी गावच्या टेकडीवर दोन फेऱ्या. आठवडी बाजारातून रबरी नक्षीच्या तळव्याचे साधे बूट घेतले आणि चालण्याच्या सरावातच ते पायात मुरवले. नवे कोरे बूट घालून डोंगर चढला तर टाचेला फोड येतात. कपड्यांचं बंधन नव्हतं. कुणी पंजाबी ड्रेस घातला, कुणी ट्रॅक पँट. त्रेसष्ट वर्षांच्या अक्का नऊवारीचा काष्टा मारून आल्या आणि त्यांचं एकदाही अडलं नाही.

दिवाळी झाली होती, सोयाबीन घरात आलं होतं, कांदालागण सुरू व्हायची होती. ती मधली वेळ साधली. पावसाळ्यात तिथले कातळ निसरडे होतात, धुकं पडतं, शिवाय गर्दी फार असते. नवरात्रात वर जत्रा भरते, तेव्हाही गर्दी. नोव्हेंबरात हवा स्वच्छ, ऊन सोसवणारं, गवत सोनेरी झालेलं.

पहाटे तीनला निघालो. संगमनेर, अकोले, राजूर असं करत साडेसहाला बारीत पोचलो. गावात एका घरी शौचाला जायची सोय आधीच बोलून ठेवली होती. हे छोटं वाटेल, पण बायकांच्या प्रवासात इथंच अडतं. वाटेत जागा मिळणार नाही म्हणून आपण पाणीच पीत नाही. मग डोकं दुखतं, गरगरतं, पायात गोळे येतात. म्हणून नियम केला होता, की दर अर्ध्या तासाला सगळ्यांनी चार घोट पाणी प्यायचंच. आडोशाला जायचं असेल तर तिघींनी जायचं, दोघींनी चादर धरायची. पाणवठ्यापासून आणि वाटेपासून लांब. पाळी आलेल्या दोघी होत्या. त्यांनी घड्या कागदात गुंडाळून पिशवीत घातल्या आणि खाली आणल्या. डोंगरावर काही टाकलं नाही.

वाट दाखवायला बारीतल्याच एक ताई आल्या. वाट मळलेली आहे, एकट्यानंही सापडते. पण गावातलं माणूस बरोबर असलं की झाडं, दगड, पाणी यांची नावं कळतात, आणि चार पैसे गावात राहतात. ताईंनी निघतानाच विचारलं, “तुमच्यात सगळ्यात हळू कोण चालतं?” आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. त्या म्हणाल्या, “जी हळू चालते ती माझ्या मागं, पहिली. बाकीच्या तिच्या मागं.” जोरात चालणाऱ्या पुढं गेल्या की मागचीला धाप लागते, लाज वाटते, आणि ती थांबायचं असूनही थांबत नाही. हळू चालणारी पुढं असली की सगळा घोळका एकत्र राहतो. हा धडा आम्हाला गटाच्या कामातही लागू पडला, त्याविषयी शेवटी बोलू.

गावाबाहेर पडलं की भातखाचरं लागतात, मग झाडी आणि मग उघडा डोंगर. वर जायला ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी खालच्या बाजूला कळसूबाईचं एक देऊळ आहे. तिथं पाया पडून पुढं निघालो. वाटेवर कारवीची दाट झाडोरा होता. कारवी काही वर्षांतून एकदा सगळी मिळून फुलते. तिच्या काठ्या विणून, वर शेणमाती लिंपून घराच्या भिंती करतात. ताईंनी वाळकं गवत दाखवून सांगितलं, की या दिवसांत एक काडी पडली तरी डोंगर पेटतो. आगपेटी खालीच ठेवली होती, ते बरं झालं.

अवघड कातळांवर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. शिडीवर एका वेळी थोड्याच जणी, दोन्ही हात कठड्याला, पिशवी पाठीवर, मोबाइल आत. उतरताना तोंड शिडीकडे करून उतरायचं. पहिली शिडी बघून तिघी-चौघींचे पाय थरथरले. खाली बघू नको, पुढच्या पायरीकडे बघ, असं म्हणत एकेक वर गेली. वर गेल्यावर त्याच मागच्यांना धीर द्यायला लागल्या.

दुसऱ्या शिडीच्या अलीकडे आमची एक सून खाली बसली. वय सव्वीस. छाती धडधडत होती, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, ओठ पांढरे पडले होते. त्रेसष्टच्या अक्का शेजारी उभ्या, त्यांना धाप नाही, आणि सव्वीस वर्षांची पोरगी उठेना. ताईंनी तिला सावलीत बसवलं, मीठ-साखर-लिंबाचं पाणी घोट घोट दिलं. छातीत दुखतंय का, हात भरून आलाय का, विचारलं. तसं काही नव्हतं. बसल्यावर धडधड कमी झाली. पण चार पावलं टाकली की पुन्हा तेच. ती रडायला लागली. म्हणाली, “तुम्ही जा, मी इथं बसते. घरी म्हणतातच मला आळशी. माझ्यानं काहीच होत नाही.”

आमचा नियम होता, कुणाला एकटं ठेवायचं नाही आणि कुणाला ओढायचंही नाही. तिथं बसून ठरवलं. तिच्याबरोबर तिघी थांबल्या. थांबणाऱ्यांत तीही होती, जिनं वर्षभर सगळ्यात जास्त धडपड करून पैसे गोळा केले होते. कुणी तिला थांब म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, “शिखर कुठं जात नाही.” चौघींनी तासभर विसावा घेतला आणि एका गावकऱ्याच्या सोबतीनं सावकाश खाली उतरल्या. बाकी तेरा जणी वर निघालो. बारा वाजता जिथं असू तिथून मागं फिरायचं, हेही आधीच ठरलं होतं. नोव्हेंबरात सहाच्या सुमाराला अंधार पडतो आणि उतरायला तीन तास लागतात.

सव्वाअकराला माथ्यावर पोचलो. वारा असा, की पदर आवरेना. माथा लहानसा आहे आणि त्यावर कळसूबाईचं छोटं देऊळ. आत दोघी-तिघींनाच बसता येईल एवढं. पाळीपाळीनं आत गेलो. बाहेर येऊन बघितलं तर एका बाजूला अलंग, मदन, कुलंग हे गड उभे. दुसरीकडे भंडारदऱ्याचा जलाशय पसरलेला, आणि त्याच्या पलीकडे रतनगडाचा मुलूख. तिथं आपली प्रवरा उगम पावते.

इथं आम्ही सगळ्या गप्प झालो. आम्ही प्रवरेच्या कालव्याकाठच्या. आमच्या उसाला, कांद्याला, गुरांना जे पाणी येतं ते याच जलाशयातून. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं. पाणी नदीनं ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांत जातं. आवर्तन कधी सुटणार यावर आमच्या घरात वर्षभर बोलणं चालतं. पण ते पाणी कुठून निघतं, हे आमच्यातल्या एकीनंही बघितलं नव्हतं. आमचे पुरुष धरणावर जाऊन आलेले, आम्ही नाही. ताई म्हणाल्या, “पाऊस आमच्याकडे पडतो, पाणी तुमच्याकडे जातं. उन्हाळ्यात आम्ही हंडे घेऊन फिरतो.” डोंगर तीव्र उताराचा, कातळाचा. पाऊस धो धो पडतो आणि धो धो वाहून जातो. त्या दिवसापासून कालव्याचं पाणी बघताना आम्हाला त्या बायकांचे हंडे आठवतात. बांधावरून पाणी वाया जाताना दिसलं तर आमच्यातली कुणी ना कुणी जाऊन बारं मोडते.

पावणेबाराला उतरायला लागलो. उतरणीला काठीचा उपयोग फार. गुडघे थोडे वाकवून, लहान पावलं टाकत आलो. वाटेत माकडं पिशव्यांवर टपलेली असतात. हातात खाऊ दिसू द्यायचा नाही आणि त्यांना घालायचाही नाही. तीन वाजता बारीत आलो. आमच्या चौघी ओसरीवर बसून तांदूळ निवडू लागत होत्या. त्या घरच्या काकूंनी पिठलं, भाकरी, ठेचा आणि भात वाढला. दुसऱ्या बाईनं केलेलं गरम जेवण बसून खायचं, आणि भांडी घासायला उठायचं नाही! आमच्यातली एक सवयीनं ताटं गोळा करायला उठलीच. काकू म्हणाल्या, “बसा हो. इथं ती अट आहे ना!” पुन्हा हशा. पण त्यांच्या घरी ती ताटं त्यांच्या सुनेनंच घासली, हेही आम्ही बघितलं.

परतताना राजूरचे पेढे घेतले आणि रात्री नऊला घरी आलो.

आता त्या सुनेचं सांगतो, कारण या सगळ्यात तेच मोलाचं आहे. तिसऱ्या दिवशी आम्ही चौघी तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 8.4 निघालं. गरोदर नसलेल्या बाईचं ते 12 किंवा त्याहून जास्त असायला हवं. रक्तात हिमोग्लोबिन कमी असलं की अंगाला प्राणवायू पुरत नाही. सपाटीवर, रोजच्या कामात ते ‘थकवा’ म्हणून खपून जातं. चढणीवर लपत नाही. ती पोर चार वर्षं दुपारी आडवी व्हायची म्हणून बोलणी खात होती. ती आळशी नव्हती, तिच्या अंगात रक्त नव्हतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या आणि जंताचं औषध दिलं. गोळी चहा-दुधाबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घेतलेली चांगली. शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळी बंद करायची नाही. आहारात हिरव्या भाज्या, मटकी, हरभरा, आणि खात असाल तर अंडी, मटण. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा 11.2 झालं होतं. गोळ्या अजून चालू आहेत.

मग आम्ही सगळ्या सतरा जणींनी रक्त तपासून घेतलं. अजून सहा जणींचं कमी निघालं. त्यातल्या दोघी शिखरावर जाऊन आलेल्या! म्हणजे वर पोचली ती ठणठणीत, असंही नाही. आता गटाच्या वहीत बचतीच्या रकान्याशेजारी आम्ही आणखी एक रकाना केला आहे, हिमोग्लोबिनचा. वर्षातून दोनदा तो भरायचा. आणि हळू चालणारी पुढं हा नियम कर्जालाही लावला. पूर्वी बैठकीत बोलक्या बायका आधी मागायच्या आणि गप्प बसणारी शेवटी राहायची. आता सगळ्यात कमी बोलणारीला आधी विचारतो.

तुमच्या गटाला जायचं असेल तर कळसूबाईच पाहिजे असं नाही. तुमच्याजवळ जो डोंगर, जो गड, जे जंगल असेल ते निवडा. वनखात्याची परवानगी किंवा प्रवेशपावती लागते का, ते आधी विचारून घ्या. गावातला वाटाड्या घ्या. मागं फिरायची वेळ घरूनच ठरवून निघा. प्रत्येकीनं दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, टोपी किंवा रुमाल, एक शिट्टी घ्या. प्लास्टिक जेवढं वर न्याल तेवढं मोजून खाली आणा. दम्याचा, हृदयाचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि निघण्याच्या महिनाभर आधी सगळ्यांचं रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही सोय असते.

आमची नवी वही सुरू झाली आहे. पंधरा रुपये आठवडा. या वेळी वीस जणी आहेत. ती सून पहाटे आमच्याबरोबर भरावावर चालते, आणि रांगेत तिचा नंबर अजून पहिलाच आहे.